फाइलवर लिहिलेली भाषा

अमेरिकेत लुईझियानातल्या लाफायेत शहरात मी स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं हे माझं काम.

त्या दिवशीच्या पेशंट ऐंशीच्या पुढच्या होत्या. उजवा हात लुळा पडलेला, नजर मात्र लख्ख. फाइलवर भाषेच्या रकान्यात 'इंग्रजी'. चाचणीची चित्रं एकेक पुढे ठेवत गेले; त्या ओठ हलवायच्या आणि थांबायच्या. शेवटी डाव्या हातानं चित्रं बाजूला सारून ठणकावून म्हणाल्या, "मे नों!" म्हणजे 'छे, नाही!'

लेकीला विचारलं. ती म्हणाली, "मॉमा आणि माझे मामा आपसात फ्रेंचच बोलतात. आम्हा मुलांना कधी शिकवलं नाही."

व्हिडिओवरून फ्रेंच दुभाष्या मिळाला. आजी (मनात मी त्यांना आजीच म्हणत होते) एकदम बोलत्या झाल्या. कोळंबीचं चित्र दाखवलं, त्या म्हणाल्या "शेव्हरेत". दुभाष्यानं सांगितलं, "हरणी म्हणतायत." मोटारीला "शार" म्हणाल्या, तर त्यानं रणगाडा सांगितला. बाहुलीला त्या "कातँ" म्हणाल्या, तेव्हा तो अडखळलाच. फ्रान्समध्ये तो शब्द वेश्येसाठी वापरतात. चाचणीच्या हिशेबानं तिन्ही उत्तरं चूक. मेंदूला झालेली इजा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठी ठरली असती.

मी चाचणी तिथेच थांबवली आणि मामांना बोलावून घेतलं. आजींचे हे धाकटे भाऊ गावाकडून तासाभरात आले. तीच चित्रं पाहून, कुणी न विचारता, तेच शब्द म्हणाले: शेव्हरेत, शार, कातँ. आजी त्यांच्याकडे बघून माना डोलावत होत्या. मालवणातल्या बाईनं कोळंबीला सुंगटां म्हटलं, तर तिची वाचा बिघडली असं कोण म्हणेल?

आजी आणि मामा केजन. ही मंडळी मूळची अकेडियन, म्हणजे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात वसलेले फ्रेंच लोक. ब्रिटिशांनी १७५५ पासून त्यांना तिथून हाकललं. वाताहत झालेल्यांतले बरेच जण पुढे लुईझियानात येऊन स्थिरावले. १७८५ मध्ये तर फ्रान्समधून सात जहाजं भरून आली. शेतात, बायूच्या (दलदलीतल्या संथ ओढ्याच्या) काठावर, चर्चमध्ये त्यांची फ्रेंच पिढ्यान्‌पिढ्या चालली. मग लुईझियाना राज्याच्या १९२१ च्या घटनेनं शाळेत शिकवायची भाषा फक्त इंग्रजी केली. मामांनी सांगितलं ते ऐकून लेक हमसून रडली. शाळेत फ्रेंच शब्द तोंडून गेला की 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' ही ओळ पानंच्या पानं लिहायची. लघवीला जाऊ का, हे इंग्रजीत विचारता येईना म्हणून पोरं बाकावरच कपडे ओले करायची. "आपल्या पोरांच्या वाट्याला हे नको, असं आम्ही ठरवलं," मामा म्हणाले.

राज्य सरकारनं १९६८ मध्ये फ्रेंचच्या जपणुकीसाठी कोडोफिल ही संस्था काढली. आज काही शाळांत मुलं बरेच विषय फ्रेंचमधून शिकतात, याचा मला फार आनंद आहे. पण ज्यांच्या तोंडून ही बोली मारून काढली, ती माणसं आज आमच्या वॉर्डात आहेत, आणि त्यांची तपासणी परक्या शब्दांच्या यादीवर होते. हा अन्याय आहे, आणि तो थांबवणं आमच्या हातात आहे.

दुपारी मामांना शेजारी बसवून सगळी चित्रं पुन्हा घेतली. या वेळी आजींना बरीच नावं सांगता आली. खरी अडचण लांब वाक्यांत होती. क्रियापदापाशी येऊन त्या अडकत होत्या. म्हणजे उपचार तिथून सुरू करायला हवेत, हे आता कळलं. फाइलवर 'इंग्रजी' खोडून 'लुईझियाना फ्रेंच' लिहिलं, आणि दुभाष्या मागवताना इथलीच बोली येणारा हवा अशी ठळक नोंद केली.

लेकीनं मामांच्या आवाजात घरातल्या वस्तूंची नावं फोनवर रेकॉर्ड करून घेतली. आईसाठी सराव हवा, हे कारण होतंच. पण प्रत्येक शब्द ती स्वतःही म्हणून बघत होती, आणि तिचा उच्चार चुकला की आजी डाव्या हाताचं बोट वर करून तिला थांबवत होत्या.