तुम्ही विचारलंत म्हणून : सोफ्याच्या वर कोणते चित्र लावावे?

कोल्हापुरात चित्रांना फ्रेम करून देण्याचे माझे छोटे दुकान आहे आणि तेथे येणारी बहुतेक मंडळी कधी ना कधी एकच प्रश्न विचारतात : ‘आमच्या फर्निचरला कोणते चित्र शोभेल?’ विचारताना पुष्कळदा मोबाइलवर सोफ्याचा फोटो दाखवला जातो आणि उशीच्या अभ्र्याच्या रंगावर बोट ठेवले जाते. गिऱ्हाइकांच्या गर्दीत या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

अभ्र्याच्या रंगावरून चित्र निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. अभ्रे दोन-तीन वर्षांत बदलतात, चित्र मात्र वीस-वीस वर्षे त्याच भिंतीवर राहते. चित्र आपल्याला आवडले म्हणून घ्यावे. फर्निचरचा सल्ला घ्यायचा तो मापाबाबत, उंचीबाबत आणि लाकडाच्या रंगछटेबाबत.

सर्वांत जास्त चुका होतात त्या मापात, आणि त्या बहुधा चित्र लहान पडल्याच्या असतात. सोफ्याच्या लांबीच्या निम्म्याहून कमी रुंदीचे चित्र वर टांगले की ते भिंतीवर चुकून राहून गेल्यासारखे दिसते. साधारण दोन तृतीयांश रुंदी डोळ्याला बरी वाटते. सात फुटी सोफा ८४ इंचांचा, म्हणजे चित्राची रुंदी ५६ इंचांच्या आसपास हवी. एवढे मोठे चित्र प्रत्येकाला परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. आपल्याकडे जलरंगाची चित्रे बरेचदा २२ × १५ इंचांच्या कागदावर केलेली असतात. अशी दोन उभी चित्रे घ्या. प्रत्येकाला चारही बाजूंनी तीन इंचांचा माउंट (चित्राभोवतीचा जाड कागदाचा कोरा काठ) आणि दीड इंचाची पट्टी (फ्रेमची लाकडी चौकट) दिली की एकेक फ्रेम २४ इंच रुंद होते, आणि मध्ये तीन इंच जागा सोडून त्या शेजारी-शेजारी लावल्या की ५१ इंच सहज भरतात. खिळा ठोकण्याआधी फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद कापून दोन दिवस भिंतीला चिकटवून ठेवावेत, हे मी प्रत्येकाला सांगतो. जाता-येता नजर पडत राहिली की माप चुकले आहे का, ते आपोआप कळते.

उंचीचे उत्तर फर्निचरमध्येच दडलेले असते. जुन्या वाड्यांत तसबिरी छताजवळ, पुढे झुकवून टांगलेल्या असत, कारण माणसे खाली बैठकीवर बसत आणि नजर खालून वर जाई. खाली बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतात, खुर्चीवर बसलेल्याचे पावणेचार फुटांच्या आसपास. घरात सोफे आले, चित्रे मात्र छताजवळच राहिली. सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत सहा ते आठ इंच अंतर पुरे. त्याहून वर गेलेले चित्र सोफ्याशी नाते सोडून देते.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो होतो. वडिलांची सागवानी आरामखुर्ची त्यांनी कोपऱ्यात ठेवली होती आणि तिच्या वर पंचगंगेच्या घाटाचे लहानसे जलरंगचित्र लावायचे ठरवले होते. मी त्यांना खुर्चीत बसायला सांगितले. ते रेलून बसल्यावर पाठीमागची भिंत त्यांना दिसतच नव्हती. दिसत होती ती उजवीकडची, खिडकीशेजारची मोकळी भिंत. त्यांच्या नजरेच्या रेषेत पेन्सिलने खूण केली आणि मोजले तर ४० इंच भरले. एवढ्या खाली चित्र लावतात का, असे घरातल्यांनी विचारले. चित्र तेथेच लागले, आणि त्या खुर्चीत बसणाऱ्याला घाटाच्या पायऱ्या आता समोर दिसतात.

लाकडाबद्दल बोलताना लोक फर्निचरच्या पॉलिशला जुळणारीच पट्टी मागतात. मीही सुरुवातीला तसेच करीत असे. एकदा सागवानी कपाटाशेजारच्या चित्राला तंतोतंत त्याच रंगाची पट्टी लावली आणि ती फ्रेम कपाटाचे निखळलेले दार वाटू लागली. चित्राकडे कोणाचे लक्षच जाईना. तेव्हापासून मी पट्टीच्या कोपऱ्याचे तीन-चार नमुने घरी नेतो, लाकडाला टेकवून दिवसाच्या उजेडात पाहतो आणि स्पष्ट उजळ किंवा स्पष्ट गडद, यांपैकी एकच निवडतो. थोडीशी वेगळी छटा सर्वांत वाईट, कारण ती जुळवायला जाऊन फसल्यासारखी दिसते.

वारली चित्रांची चौकशी अलीकडे फार होते. ही चित्रे मुळात लग्नकार्यात गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जात. ती कागदा-कापडावर नेऊन जगापुढे ठेवणाऱ्यांत जिव्या सोमा म्हसे अग्रणी होते आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. गेरूचा तांबूस रंग सागवानाच्या पिवळसर तपकिरीशी सुरेख जमतो. गडद शिसवी फर्निचरवर मात्र तेच चित्र भिंत जड करते. तेथे चार इंचांचा मोतिया रंगाचा माउंट द्यावा, म्हणजे पांढऱ्या रेषांना श्वास घ्यायला जागा मिळते. छापील प्रत घेण्याऐवजी वारली चित्रकाराच्या हातचे लहान चित्र घ्यावे, अशी माझी मनापासून विनंती असते. त्या रेषेतला हाताचा कंप छपाईत उतरत नाही.

जागा ठरवताना खिडकीही पाहावी. पश्चिमेचे ऊन थेट पडणाऱ्या भिंतीवर जलरंग काही वर्षांत फिके होतात, आणि खिडकीसमोरच्या काचेत चित्राऐवजी खिडकीच दिसते. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेरच्या बाजूच्या भिंतींना ओल येते, म्हणून फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावाव्यात, म्हणजे मागून वारा खेळता राहतो. दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उतरवून माउंट पाहा; त्यावर तपकिरी ठिपके दिसले तर ते पुसायला जाऊ नका, फ्रेम तशीच फ्रेमवाल्याकडे घेऊन जा.