आरसा अजून गरम आहे जी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं तेव्हा स्नेहसंमेलन, कबड्डीचा संघ, मधल्या सुट्टीतली मारामारी असं बरंच काही लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसलो आणि भूगोलाच्या सरांपुढं गाडी सरकेना. 'दुर्बीणवाले सर' म्हटलं की आमच्या वेळच्या कुणालाही नाव सांगावं लागत नाही. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

सरांची दुर्बीण आरशाची, न्यूटनच्या पद्धतीची: नळकांड्याच्या तळाशी मोठा आरसा, वरच्या टोकाशी छोटा तिरपा. 6 इंची आरसा, 48 इंच नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश एका बिंदूत जमतो तिथवरचं), खाली लाकडी बैठक. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिलं काम आरसा धुण्याचं. "धुळीनं काही होत नाही, ओरखड्यानं होते," असं म्हणून सर फडकं हातातून काढून घेत. टबात कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, आणि पाण्याखालीच कापसाचा बोळा नुसत्या त्याच्या वजनानं सरकवायचा. शेवटी गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वरून ओतायचं, आरसा उभा करून वाळू द्यायचा. बर्डीच्या बाजारातून ती बाटली आणायचं काम माझं. त्याचा मला जेवढा ताठा होता तेवढा दहावीच्या मार्कांचाही कधी वाटला नाही.

आकाशदर्शनाच्या दिवशी चार वाजताच दुर्बीण जुन्या प्रयोगशाळेतून गच्चीवर जाई. मग दोन्ही आरसे एका रेषेत जुळवायचे. कॅमेऱ्याच्या रोळाची काळी डबी, बुडाला बारीक भोक पाडलेली, डोळा लावायच्या भिंगाच्या जागी बसवायची. मोठ्या आरशाच्या मधोमध, फायलीतल्या कागदाच्या भोकांना लावतात ती गोल चकती चिकटवलेली असे. आधी वरचा तिरपा आरसा असा वळवायचा, की चकती मधोमध दिसावी. मग एकानं भोकाला डोळा लावायचा, दुसऱ्यानं नळकांड्याच्या बुडाशी बसून तीन स्क्रू फिरवायचे, भोकाचं प्रतिबिंब चकतीच्या आत येईस्तोवर. "अजून थोडा... अबे, उलटा नाही!" हे गच्चीवरून खाली मैदानापर्यंत ऐकू जाई. शोधक दुर्बीण, म्हणजे नेम धरायला नळकांड्यावर बसवलेली छोटी दुर्बीण, उजेड असतानाच लांबच्या पाण्याच्या टाकीवर जुळवून घ्यायची. सूर्याच्या बाजूला तोंड करायचं नाही, म्हणजे नाहीच. अंधार पडला की शेवटची परीक्षा ध्रुवावर. नागपुरातून तो क्षितिजापासून जेमतेम 21 अंशांवर, इमारतींच्या जरासा वर, पण जागचा हलत नाही म्हणून सोयीचा. फोकस किंचित बिघडवला की ताऱ्याभोवती कडी दिसतात. ती सगळी एकमध्य आली की सर मान हलवत.

डिसेंबर 1993 मधली गोष्ट. त्या दिवशी प्रयोगशाळेची किल्लीच सापडेना, दुर्बीण बाहेर यायला सहा वाजले. संस्थेचे एक पदाधिकारी सहकुटुंब जीपमधून आलेले, पुढं कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. शनी नैर्ऋत्येला, शाळेच्या कडुलिंबाच्या वर. आत्ताच दाखवा म्हणाले.

"आरसा अजून गरम आहे जी," सर म्हणाले.

ते हसले. सरांनी शांतपणे समजावलं, की पत्र्याखाली दिवसभर तापलेली इंचभर जाडीची काच आहे; बाहेरच्या हवेइतकी थंड होईपर्यंत तिच्यावरून गरम हवा उठत राहते आणि ग्रह तव्यावरच्या पाण्यासारखा थरथरतो. "चालेल हो आम्हाला," पदाधिकारी म्हणाले.

"तुम्हाले चालते. मले नाही चालत."

हेडसरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चहा मागवला गेला. शनी कडुलिंबाकडे सरकत होता, आमचा जीव खालीवर होत होता, आणि सर मात्र टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधत बसले होते. साडेसातला त्यांनी 25 मिलीमीटरचं भिंग लावलं, म्हणजे 48 पट, मग 10 चं, 120 पट. कडी ग्रहापासून सुटी, स्वच्छ. पदाधिकाऱ्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि पुन्हा पाचवीच्या पोरांच्या मागं रांगेत जाऊन उभे राहिले. लग्नाचं काय झालं कोण जाणे.

आज मी नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात विमानांच्या देखभालीचं काम पाहतो. उड्डाणाची घाई करणाऱ्या साहेबांना सरांचं तेच वाक्य ऐकवतो, जरा शुद्ध मराठीत. घरी स्वतःची 8 इंची दुर्बीण आहे. ती घेऊन उमरेड रोडला लांब जावं लागतं, कारण आपल्या गच्चीवरून आता आकाशगंगेचं नाव काढायला नको. हॅलोजन, मोबाइलचा टॉवर, उड्डाणपुलाचे दिवे. गांधीसागराजवळ रमण विज्ञान केंद्राचं तारांगण आहे, छानच आहे, मुलीला घेऊन मीही जातो. पण तिथं खुर्चीत बसलं की लगेच तारे लागतात.

मागं शाळेत आलो तेव्हा ते नळकांडं जिन्याखाली मोडक्या बाकांत दिसलं. आरसा आतच आहे. मुलामा बराच उडालाय, काच मात्र शाबूत आहे. ॲल्युमिनियमचा नवा मुलामा चढवून आणण्याचा खर्च माझ्याकडे लागला. कार्यकारिणीनं परवानगीचं पत्र तेवढं द्यावं, आणि गच्चीवरच्या हॅलोजनला एक वेगळं बटण बसवावं.