रोज संध्याकाळी दोन बादल्या गोडं पाणी

डुकाटी स्क्रॅम्बलर ही इटालियन मोटरसायकल घेऊन कोकण किनाऱ्याने निघायचं म्हटलं की सगळे खड्ड्यांबद्दल बजावतात. खड्ड्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. पुढचं चाक अठरा इंची, सस्पेन्शनला पुढे-मागे 150 मिलिमीटर ट्रॅव्हल (दबण्याची मुभा), एवढ्यात रेवदंडा ते रत्नागिरी निभावतं. या गाडीला कोकणात खरा त्रास होतो तो खाऱ्या पाण्याचा, आणि किनाऱ्याचा रस्ता धरला की ते चुकवता येत नाही, कारण दर थोड्या अंतराने खाडी आडवी येते आणि गाडी जंगलजेटीवर, म्हणजे वाहनं पलीकडे नेणाऱ्या बोटीवर, चढवावी लागते.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो धरली की तासाभरात मांडवा. तिथून अलिबाग, मुरूड हा पट्टा शनिवार-रविवारी मला नकोसा होतो. स्क्रॅम्बलरचं 803 सीसीचं इंजिन हवेवर थंड होतं. वाहनांच्या रांगेत हवा मिळत नाही आणि मागचा उभा सिलिंडर थेट मांड्यांच्या मध्ये असतो. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी निघा, आणि रांग हलत नसेल तर इंजिन बंद करा. आगरदांड्याहून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हे सगळं छान पार पडलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते बागमांडला-वेशवी जेटीबद्दल. सावित्रीची खाडी, भर ओहोटी. ओहोटीला धक्क्याचा काँक्रीटचा उतार लांबपर्यंत उघडा पडतो. वरचा भाग कोरडा असतो, मधला ओला, आणि शेवटच्या चार-पाच हातांवर हिरवं शेवाळ. त्या शेवाळावर बोटीची लोखंडी फळी येऊन टेकते. फळीवर आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, पण गाड्यांच्या चाकांनी त्या मधोमध झिजून गुळगुळीत होतात. कडेला मात्र त्यांची धार शाबूत असते. म्हणून दुचाकी मधून न नेता एका कडेने, चाकांच्या वाटेच्या बाहेरून न्यायची.

उतरताना पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, पुढचा ब्रेक अजिबात नाही, मागचा अगदी हलका. एबीएसच्या भरवशावर राहू नये, चालण्याच्या वेगाला ते कामच करत नाही. हँडल सरळ ठेवायचं. काँक्रीट आणि फळी यांच्या सांध्यावर थांबायचं नाही, कारण तिथे पुढचं चाक लोखंडावर आणि मागचं शेवाळावर असतं आणि पाय टेकायला धड जागा नसते. पुढची गाडी बोटीत जाऊन पूर्ण थांबेपर्यंत वर कोरड्यावर उभं राहा. मागचे चारचाकीवाले भोंगे वाजवतात. वाजवू देत. पावणेदोनशे किलोंच्या वरची गाडी ओल्या उतारावर अडकली, तर भोंगा वाजवणारा उचलायला खाली उतरत नाही. मला चीड येते ती याचीच. खलाशी हात करून थांबायला सांगतो तरी मागून गाडी पुढे रेटतात, आणि दुचाकीवाल्याला नेमकं नको तिथे थांबावं लागतं. खलाशी मात्र मनापासून मदत करतात. हाक मारली तर एक जण मागच्या कॅरिअरला धरून चालत खाली येतो.

पलीकडे चढताना अडचण वेगळी. या इंजिनाचे दोन सिलिंडर 90 अंशांत बसवलेले, क्रँकपिन (दोन्ही पिस्टन ज्या खिळीला जोडलेले असतात ती) एकच. त्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर सारखं नसतं, क्रँक एकदा 270 अंश फिरल्यावर स्फोट होतो आणि एकदा 450. या गाडीचा तो घुमणारा, अडखळत्या तालाचा आवाज याच्यातूनच येतो. पण अडीच-तीन हजार आरपीएमच्या खाली हाच ताल चेनला झटके देतो. फळीवरून चढताना गाडी अर्ध्या क्लचवर तीन हजारांच्या आसपास धरायची आणि मागचा ब्रेक किंचित लावून ठेवायचा, म्हणजे चेन ताणलेली राहते आणि झटका बसत नाही. 2023 च्या आधीच्या 803 ला थ्रॉटलची केबल आहे. मूठ फिरवताना तिच्यात जास्त सैलपणा असेल, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी उडी मारते. दोनेक मिलिमीटर मोकळीक पुरे. जेटीच्या रांगेत उभं राहण्याआधी घरीच ती तपासा.

बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढचा ब्रेक जाड रबरी पट्ट्याने दाबून बांधा, आणि खाडी पार होईपर्यंत तिच्याजवळच उभे राहा. फोटो पलीकडे गेल्यावर काढता येतात.

आणि मग वेशवीच्या पुढे सुख सुरू होतं. कोकणातला रस्ता खाडीतून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढतो, सड्यावर सुसाट धावतो आणि पुन्हा खाडीत उतरतो. केळशी, आंजर्ले, हर्णे या बाजूला हे सारखं चालू असतं. चढावर तिसरा गिअर, चार हजार आरपीएम, आणि वळणातून बाहेर पडताना मूठ हळूच उघडायची. चार सिलिंडरची गाडी इथे सारखे गिअर मागते, ही मागत नाही. दोन्ही बाजूंना काळा पडलेला जांभा, वाळकं गवत, आणि खाली इंजिनाची ती जाड थाप. स्क्रॅम्बलरवर याच्याइतका शोभणारा रस्ता मला महाराष्ट्रात दुसरा माहीत नाही.

दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपावे, तिथून गुहागर. मुक्काम एका घरगुती खानावळीत. गाडीवर तोपर्यंत तीन खाड्यांचं मीठ चढलं होतं. पुढच्या आडव्या सिलिंडरच्या पंख्यांमध्ये (थंड होण्यासाठी असलेल्या धातूच्या पात्यांमध्ये) चाकाने उडवलेली वाळू, आणि पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवलं की पांढरट कण हाताला लागत होते. मागे विहीर दिसली म्हणून बादली सोडायला गेलो, तर काकू आतून म्हणाल्या, "त्या विहिरीचं नको हो, मचूळ आहे. मागल्या दारी नळ आहे, त्याचं घ्या. गाडी पण तिकडेच घ्या, सावलीत." गाडीला गोडंच पाणी लागतं हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्या घरातली लोखंडी खिडकी आणि मोटरचा पंप याच हवेत राहतात. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी आधी जिभेला लावून बघा. खारट लागलं तर त्याने गाडी धुणं म्हणजे मिठावर मीठ.

इंजिन अर्धा तास निवू द्या. मग दोन बादल्या आणि एक तांब्या, वरून खाली. प्रेशर वॉशर नको, बेअरिंगच्या आणि चेनच्या ओ-रिंगच्या (सांध्यांतलं वंगण आत राखणाऱ्या रबरी कड्यांच्या) आत पाणी घुसतं. आडव्या सिलिंडरचे पंखे, एक्झॉस्टचे बोल्ट, उघडाच बसवलेला मागचा शॉक, ब्रेक कॅलिपर, आणि साइड स्टँडची खीळ. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचे बोल्ट असतात. दोन धातूंमध्ये खारं पाणी राहिलं की ॲल्युमिनियम पांढरं पडून फुगतं आणि बोल्ट जाम बसतो. फोर्कच्या नळ्या ओल्या मऊ फडक्याने पुसा. कोरड्या फडक्याने घासल्या तर वाळूचे ओरखडे पडतात आणि पुढे सील तेल सोडतं.

चेन त्याच संध्याकाळी करायची. फडक्यावर रॉकेल घेऊन पुसून काढा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश ओ-रिंग खराब करतात. कोरडी झाली की आतल्या बाजूने ल्यूब मारा आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. चिकट थर राहिला तर सकाळी त्यावर वाळू बसते आणि चेन-स्प्रॉकेट दोन्ही घासली जातात. रात्रभर मुरू द्या. सकाळी निघायच्या आधी मारलेलं ल्यूब अर्धं रिमवर उडतं.

इटालियन गाडी म्हटलं की लोक डेस्मोची भीती घालतात. डेस्मोड्रोमिक म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंगवर न सोडता दुसऱ्या रॉकरवर सोपवलेलं. डुकाटीचे इंजिनिअर फाबिओ ताल्योनी यांनी 1956 च्या रेसिंग गाडीत ते यशस्वी केलं, 1968 मध्ये ते रस्त्यावरच्या गाडीत आलं. प्रत्येक व्हॉल्व्हची फट उघडायच्या आणि मिटायच्या अशा दोन्ही बाजूंनी तपासावी लागते, आणि स्क्रॅम्बलरला हे काम दर 12,000 किलोमीटरला येतं. ते गुहागरात होणार नाही. अकरा-साडेअकरा हजार झाले असतील तर आधी सर्व्हिस करून निघा. व्हॉल्व्ह चालवणारे टायमिंगचे दोन रबरी पट्टे गाडी कमी चालली तरी वयाने थकतात, त्यांची तारीखही बघून घ्या. बाकी पंक्चर, केबल, चेन ही कामं कोकणातला कुठलाही चांगला मेकॅनिक करतो. टायर मात्र मिळणार नाही. मागचा 180/55-17 या मापाचा आहे, त्यामुळे पंक्चरच्या स्ट्रिप आणि छोटा पंप जवळ ठेवा. स्क्रॅम्बलरच्या आयकॉन मॉडेलला ट्यूबलेस असल्याने एवढ्यावर भागतं. क्लासिक मॉडेलच्या तारांच्या चाकांना ट्यूब लागते, तिथे सुटी ट्यूब बरोबर हवीच.

तवसाळहून जयगड, आणि मग आरे-वारे. तिथल्या वळणांवर गर्दी असते ती फोटोवाल्यांची. गाडी रस्त्याच्या कडेच्या वाळूत उभी करू नका, स्टँड रुतून ती आडवी होते. चपटा दगड किंवा तळहाताएवढा पत्रा स्टँडखाली द्या. वाळूचा दुसराही एक उपद्रव आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन नीट चालतं आणि गिअर टाकताच बंद पडतं, असं झालं तर बॅटरी किंवा पंपाच्या मागे लागू नका. साइड स्टँडच्या स्विचमध्ये मीठ-वाळू अडकून स्टँड खालीच आहे असं गाडीला वाटत असतं. गोड्या पाण्याने स्विच धुवा, स्टँड दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारा. बहुतेक वेळा गाडी तिथेच चालू होते.