आमची वाटचाल: रावपुऱ्यातून देवगडच्या समुद्रापर्यंत

२०१० साली मिस्टरांच्या इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानातलं एक काचेचं कपाट आम्ही गळ-दोऱ्यांसाठी रिकामं केलं. तेव्हा बडोद्याच्या रावपुऱ्यात आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक तळ्यावर नाहीतर मही नदीच्या काठी रोहू-कटल्यासाठी बसणारं. नायलॉनची दोरी, शिसं, साधे गळ एवढाच माल, आणि उलाढाल किरकोळ.

समुद्राकडे वळलो ते एका जुन्या गिऱ्हाइकामुळे. गोड्या पाण्याचं रीळ घेऊन ते दीवला गेले आणि परतले तेव्हा रीळ फिरेना. आत मीठ बसून बेअरिंग गंजली होती. मिस्टरांनी ते उघडलं, सुट्टं केलं, नवी बेअरिंग घालून चालू करून दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांचे दोन मित्र आपापली रिळं घेऊन हजर! खाऱ्या पाण्याचं रीळ, ब्रेडेड दोरी, फ्लोरोकार्बनचा लीडर (गळाजवळचा मजबूत तुकडा), गंज न धरणारे गळ असा माल मग हळूहळू भरत गेलो. दुरुस्तीचं टेबल मात्र पहिल्यापासून आहे आणि दुकानाचा महिन्याचा खर्च आजही त्यावरच निघतो.

माझं माहेर देवगडचं, आणि गिऱ्हाइकांना गळाने मासे धरायला नेतो त्या आमच्या सहलीही तिथेच जातात. भरती-ओहोटीचं गणित मी बाबांकडून शिकले: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बसतो, देवगडला भरती थोडी आधी येते आणि खंभातच्या आखातात कित्येक तास उशिरा. दर महिन्याला आम्ही गिऱ्हाइकांना वेळापत्रक पाठवतो त्यात भरतीच्या वेळा छापील कोष्टकातून घेतो, पण शेजारी तिथी लिहितेच. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) डोळ्यांसमोर येतात ते तिथीमुळे.

"बेन, खंभात तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, देवगड कशाला?" हा प्रश्न दर हंगामात येतो. त्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भावनगरच्या बाजूला दहा मीटरच्या वर जातो. मही, साबरमती, नर्मदा, तापी यांचा गाळ त्या ओढीत सतत ढवळला जातो, पाणी चहासारखं गढूळ राहतं. ल्यूरवर, म्हणजे नकली आमिषावर, झडप घालणारा मासा बहुतांशी नजरेने शिकार करतो, तिथे त्याला ल्यूर दिसणार कसं? शिवाय चिखलात फसलेल्या माणसाला चढतं पाणी वेळ देत नाही. मी तिकडे कोणाला पाठवत नाही, सामान विकलं जात असलं तरी.

आमचं खरं वर्ष दसऱ्यानंतर सुरू होतं. पावसाचं पाणी ओसरून कोकणातल्या खाड्या निवळायला लागतात. ओहोटी लागली की कांदळवनातलं पाणी लहान ओहळांतून खाडीत उतरतं, त्याबरोबर बोय आणि कोळंबी बाहेर येते, आणि जिताडा नेमका ओहळाच्या तोंडाशी थांबलेला असतो. तांबोशी खडकांच्या आणि जेटीच्या खांबांच्या आडोशाला. तिने ल्यूर घेतलं की पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिला बाहेर ओढावं लागतं, नाहीतर ती दोरी खडकावर घासून तोडते. नवख्यांना मी आधी खाडीवरच नेते. मासा कमी मिळतो, पण पाणी वाचायला तिथे शिकता येतं.

थंडीत सुरमई. बांगडा आणि तारलीच्या थव्यांमागे ती येते. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो तोवर समुद्र सपाट असतो, म्हणून होडी अंधारातच सुटते. दुपारी खारा वारा जोर धरतो त्याआधी परत. सुरमईचे दात असे की लीडर स्टीलच्या तारेचाच हवा. मार्चनंतर कुपा आणि खडकांवरचे मोठे ट्रेव्हली येतात, पण मेच्या उत्तरार्धात लाटा वाढू लागल्या की आम्ही थांबतो.

१ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी. महाराष्ट्रात ती ३१ जुलैपर्यंत असते, गुजरातेत अलीकडे १५ ऑगस्टपर्यंत. या दिवसांत रिळं येतात आणि टेबल भरून जातं. भरूचकडे नर्मदेत पाला (हिल्सा मासा) चढतो तेव्हा "गळावर मिळेल का" अशी विचारणा होते. पाला पाण्यातलं सूक्ष्म प्लवक गाळून खातो, त्याला जाळंच लागतं.

आमची बरीच गिऱ्हाइकं शाकाहारी आहेत. मासा धरून सोडायचा, हीच त्यांची आवड, आणि त्यांच्यामुळे सोडण्याची नीट पद्धत आम्ही बसवली. तीनकाट्यांऐवजी एकेरी गळ, ओल्या हातानेच मासा धरायचा, फोटोला पाण्याबाहेर काही क्षणच. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मोठा जिताडा म्हणजे अंडी घालणारी मादी, तो आमच्या सहलीत कोणीही घरी नेत नाही. गोबऱ्याचं उलटं, आधी मादी, मग नर. खोलातून वर काढलेल्या गोबऱ्याची हवेची पिशवी फुगते, म्हणून त्याला वजन लावून पुन्हा तळाकडे पोचवतो. या अटी ऐकून काही गटांनी बुकिंग मागे घेतलं. घेऊ देत.

बडोद्याचा समुद्राशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांना मी द्वारकेकडच्या ओखामंडळाची आठवण देते. तो मुलूख बडोद्याच्या गायकवाडांचा होता. तिथल्या सागरी जीवांवर प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी बडोदा सरकारसाठी लिहिलेल्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला, दुसरा १९१६ साली. आज ओख्यापासून पूर्वेकडे कच्छच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे गळ टाकायचा नाही, हे प्रत्येक पावतीच्या मागे छापलेलं असतं.

२०२० मध्ये टाळेबंदीत दुकान बंद होतं तेव्हा लेकाने रीळ साफ करण्याचे व्हिडिओ केले. आता सुरत, अंकलेश्वरहून कुरियरने रिळं येतात. देवगडला दोन होडीवाले ठरलेले आहेत, वारा बघून जायचं की नाही हे तेच ठरवतात. त्यांनी नाही म्हटलं तर सहलीचे पैसे परत, आणि होडीवाल्यांचा त्या दिवसाचा रोज आमच्याकडून. यंदाची पहिली तुकडी दसऱ्यानंतरच्या अष्टमीच्या आसपास, भांगेच्या संथ पाण्यावर. नवख्यांसाठी काही जागा राखून ठेवल्या आहेत.