‘हा पुरस्कार माझा एकट्याचा नाही’

2014 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा पुरस्कार मॅकलमोर आणि रायन लुइस या जोडगोळीला मिळाला, आणि त्याच विभागात स्पर्धेत असलेला केंड्रिक लामार सात नामांकने असूनही त्या रात्री रिकाम्या हाताने परतला. रॅप मनापासून ऐकणाऱ्या अनेकांना हा निकाल पटला नाही. मौज अशी, की खुद्द जिंकलेल्या मॅकलमोरलाही तो पटला नव्हता. तुझ्यावर अन्याय झाला, तूच जिंकायला हवा होतास, असा निरोप त्याने केंड्रिकला फोनवर पाठवला. इथवर सारे दिलदारपणाचेच होते. पण नंतर त्याने त्या खासगी निरोपाचा स्क्रीनशॉट काढून इन्स्टाग्रामवर टाकला आणि सोबत खुलासाही जोडला, की हे मी भाषणातच बोलणार होतो, परंतु बोलता बोलता संगीत सुरू झाले आणि मी गांगरलो.

मॅकलमोरने निरोप मनापासून पाठवला असेल, याविषयी मला शंका नाही. खटकतो तो स्क्रीनशॉट. निरोप केंड्रिकसाठी होता, पण स्क्रीनशॉट आपल्यासाठी होता, आणि तो पाहून मॅकलमोर किती मोठ्या मनाचा आहे हे आपल्याला कळावे, एवढेच त्याचे काम होते. ड्रेकसारख्या सहकलाकारानेही त्यावर जाहीर टीका केली. पुतळे सगळे मॅकलमोरकडेच राहिले, आणि त्यांच्या जोडीला विनयशीलतेचे श्रेयही त्यालाच मिळाले.

पुरस्कार सोहळ्यांतली नम्रता खरी की खोटी, हा विषय निघाला की माझ्या ओळखीतली बहुतेक मंडळी एका वाक्यात निकाल लावतात: ते नटच आहेत, त्यांना रडायला काय लागते? हा युक्तिवाद मला फार आळशी वाटतो. अभिनय येणारा माणूस प्रत्येक क्षणी अभिनयच करतो असे मानायचे, तर शिक्षकाने घरी साधी चौकशी केली तरी तो परीक्षाच घेतो आहे असे मानावे लागेल. शिवाय अनेक नामवंत नट स्वतःच्या नावाने, लिहून न दिलेले बोलायची वेळ आली, की चक्क चाचरतात. मात्र दुसऱ्या टोकाला जाऊन ‘डोळ्यांतले पाणी कधी खोटे नसते’ असे म्हणणेही मला जमत नाही, कारण त्या व्यासपीठाची रचनाच अशी आहे, की तिथे नम्रतेखेरीज दुसरे काही फारसे मावत नाही.

ही रचना जरा जवळून पाहण्यासारखी आहे. ऑस्करच्या विजेत्याला बोलण्यासाठी साधारण 45 सेकंद मिळतात, त्यापुढे वाद्यवृंद वाजू लागतो. 1943 मध्ये अभिनेत्री ग्रीर गार्सन हिने जवळजवळ साडेपाच मिनिटे आभार मानले होते आणि तेव्हापासून लांबलेली भाषणे हा आयोजकांच्या डोकेदुखीचा विषय झाला. 2016 साली तर आभारांची नावे आधीच लिहून घेऊन ती पडद्याच्या तळाशी सरकत्या पट्टीत दाखवण्याचा प्रयोग झाला, म्हणजे कृतज्ञता पट्टीवर आणि भावना तोंडी, अशी चोख वाटणी. 1989 पासून पाकीट फोडणारा पाहुणा ‘विजेता आहे’ असे न म्हणता ‘ऑस्कर जातो अमुक यांना’ असे म्हणू लागला, हेतू हा की उरलेल्या चौघांना हरल्यासारखे वाटू नये. त्याच वेळी त्या चौघांचे चेहरे मात्र पडद्यावर चौकटींत मांडून जगाला दाखवले जातात. शिवाय ऑस्करच्या आधी गोल्डन ग्लोब, ब्रिटनचा बाफ्टा, अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार असा सारा मोसम पार पडलेला असतो. एकाच भूमिकेसाठी त्याच माणसाने दोन महिन्यांत तीन-चार वेळा ‘मला अजिबात अपेक्षा नव्हती’ असे म्हटलेले असते, आणि त्याला पुरस्कार मिळावा म्हणून स्टुडिओने जाहिराती, खास खेळ आणि मुलाखती यांवर भरपूर पैसा ओतलेला असतो. इतक्या तयारीनंतरचे आश्चर्य ताजे कसे राहणार?

तरीही तयारी म्हणजे खोटेपणा, हे समीकरण मला मान्य नाही, आणि त्याचे कारण ऑस्करपासून फार दूरचे आहे. आमच्या जिल्ह्याच्या गावी होणाऱ्या एकांकिका स्पर्धेच्या बक्षीस समारंभाचे सूत्रसंचालन मी काही वर्षे केले. एकदा विंगेत उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ रंगकर्मींच्या हातातला कागद मला दिसला. त्यांचा सत्कार व्हायचा होता. वहीच्या रेघी कागदावर सुवाच्य अक्षरात भाषण लिहिलेले, शेवटच्या परिच्छेदात दिवंगत प्रकाशयोजनाकाराचे नाव, आणि त्या नावापुढे कंसात ‘येथे थांबणे’ अशी सूचना. मला आतल्या आत हसू आले होते. प्रत्यक्षात ते गृहस्थ ठरल्या जागेच्या दोन ओळी आधीच थांबले, चष्मा काढून पुसू लागले, आणि पुन्हा सुरुवात केली तेव्हा ते नाव त्यांच्याकडून नीट उच्चारलेही गेले नाही. कागदावरचा थांबा योजलेला होता, तो बाजूलाच राहिला, आणि जो घडला त्याची सोय कागदावर नव्हती. एकाच भाषणात दोन्ही असू शकतात, हे मी तिथे विंगेत उभी राहून पाहिले आहे. त्यामुळे अमुक एका ताऱ्याचा हुंदका खरा होता की नव्हता, हे दूरचित्रवाणीवर पाहून सांगणाऱ्यांच्या आत्मविश्वासाचे मला नवल वाटते.

या सगळ्या वादात एक पक्ष नेहमी मोकळा सुटतो, तो म्हणजे आपण प्रेक्षक. ताऱ्यांनी व्यासपीठावर खरे बोलावे असे आपण म्हणतो खरे, पण खरे बोलणाऱ्याचे पुढे काय करतो? सॅली फील्ड हिने 1985 मध्ये दुसरे ऑस्कर घेताना सांगितले, की तिला सगळ्यांत जास्त हवा होता तो इतरांकडून मिळणारा आदर. पहिल्या वेळी तो तिला जाणवला नव्हता, आणि आता मात्र तुम्हाला मी आवडते ही गोष्ट तिला नाकारता येत नाही. दूरचित्रवाणीच्या हलक्याफुलक्या मालिकांतून आलेल्या, म्हणून बराच काळ कोणी गंभीरपणे न घेतलेल्या नटीचे हे विधान होते, आणि माझ्या मते त्या व्यासपीठावरच्या सर्वांत प्रामाणिक विधानांपैकी ते एक आहे. त्याची पुढे अनेक वर्षे टिंगल झाली, तीही बहुधा मूळ शब्द बदलून. ‘मला हे हवे होते आणि मिळाले’ असे उघड म्हणणारी बाई लोकांना हावरट वाटली.

ॲन हॅथवेचा अनुभव याच्या नेमका उलट दिशेचा आहे. 2013 मध्ये सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर हातात घेऊन तिने हलक्या आवाजात ‘हे खरेच घडले’ अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि इंटरनेटवर तिच्या खोटेपणाविषयी जणू मोहीमच उघडली गेली. तीन वर्षांनी एका मुलाखतीत तिने सांगितले, की त्या रात्री तिला निखळ आनंद वाटतच नव्हता. दुःख भोगणाऱ्या स्त्रीची भूमिका केल्याबद्दल, कित्येकांना आयुष्यभरात पाहायला मिळणार नाही इतक्या किमतीचा गाऊन घालून बक्षीस घ्यायचे, हे तिला विचित्र वाटत होते. म्हणून तिने आनंदी असल्याचे सोंग केले आणि ते उघडे पडले. लोकांनी खोटेपणा ओळखला होता खरा, पण त्यांना वाटले की ही फुशारकी लपवते आहे, आणि ती लपवत होती अवघडलेपण. म्हणजे ती जर व्यासपीठावर मनातले बोलली असती, तर तीच कदाचित त्या रात्रीची सर्वांत खरी नम्रता ठरली असती, आणि त्यावरही ‘कसले नाटक’ अशी टीका झाली असती, याविषयी मला खात्री आहे.

हरलेल्यांची परीक्षा तर याहून कडक असते. 1995 मध्ये सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी मार्टिन लँडाउचे नाव पुकारले गेले तेव्हा कॅमेरा सॅम्युअल जॅक्सनच्या चेहऱ्यावर होता, आणि त्याच्या ओठांवरची शिवी आवाज नसतानाही स्पष्ट वाचता येत होती. त्याची ती चिडचिड आज लोक कौतुकाने दाखवतात. 2023 मध्ये जेमी ली कर्टिसला पुरस्कार मिळाल्यावर अँजेला बॅसेट नुसती बसून राहिली, टाळ्या वाजवल्या नाहीत, तर तिला मात्र खिलाडूवृत्ती नाही म्हणून बोल लावले गेले. आपण फार निराश झालो होतो, आणि निराश होणे माणसाला साजेसेच आहे, असे तिने नंतर सांगितले. मला तिचे ते स्वस्थ बसणे आवडले होते. दिलदारपणाचे हसू चेहऱ्यावर आणायला ती अभिनेत्री म्हणून पुरेशी समर्थ आहेच. ते आणायचे नाही, असे तिने ठरवले असावे.

मग नम्रता शोधायची तरी कुठे? पुरस्कार नाकारण्यात ती असेल, असे एक भाबडे मत आहे. जॉर्ज सी. स्कॉटने 1971 मध्ये ‘पॅटन’साठी मिळालेले सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर नाकारले, तेही आगाऊ कळवून. सोहळ्यात पाकीट उघडल्यावर गोल्डी हॉनच्या तोंडून ‘अरे देवा!’ असेच निघाले. नट मंडळींनी एकमेकांशी स्पर्धा करणे त्याला मंजूर नव्हते आणि त्या सोहळ्याला त्याने मांसाच्या मिरवणुकीची उपमा दिली होती. त्याच्या भूमिकेबद्दल मला आदर आहे, पण तिला नम्रता म्हणवत नाही. त्यात ताठा भरपूर होता, आणि तो त्याला शोभतही होता.

लता मंगेशकर यांचे उदाहरण मला यापेक्षा अधिक विचार करण्याजोगे वाटते. ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात ‘रसिक बलमा’ गाण्यास त्यांनी नकार दिला, कारण पार्श्वगायकांसाठी पुरस्कारच नव्हता; संगीतकाराला मान मिळतो तर गाणाऱ्यालाही मिळाला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. 1959 पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. पुढे 1970 च्या सुमारास, चार पुरस्कार घेऊन झाल्यावर, नव्या गायिकांना वाव मिळावा म्हणून त्यांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. आधी हक्कासाठी अडून बसणे आणि पोटभर मान मिळाल्यावर बाजूला होणे, यांत विसंगती शोधणारे शोधतील. मला मात्र त्यात हिशेब सरळ दिसतो: स्पर्धेतून बाहेर पडल्यामुळे त्यांच्या पदरात दरवर्षी पडू शकणारे काहीतरी खरोखरच कमी झाले, आणि ते दुसऱ्या कोणाला तरी मिळाले.

व्यासपीठावर उच्चारलेल्या शब्दांनाही मी हाच हिशेब लावते. ‘हा पुरस्कार आपणा सर्वांचा आहे’ या वाक्यात बोलणाऱ्याचे काहीही जात नाही, कारण ‘सर्व’ कधी आपला वाटा मागायला येत नाहीत; आपल्याकडच्या शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांत ‘मी केवळ निमित्तमात्र’ म्हणणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. ए. आर. रहमान यांनी 2009 मध्ये ऑस्करच्या व्यासपीठावरून ‘सारे श्रेय ईश्वराचे’ हे तमिळ वचन म्हटले, तेव्हा ते मला वेगळे वाटले, कारण प्रत्येक पुरस्कारानंतर ते हेच म्हणत आले आहेत आणि समोरच्या बहुसंख्य श्रोत्यांना त्याचा अर्थ कळण्याची शक्यताही नव्हती. प्रेक्षकांसाठी नसलेली नम्रता निदान प्रेक्षकांना फसवत नाही.

मेरिल स्ट्रीपचे 2012 चे ‘द आयर्न लेडी’साठीचे ऑस्कर भाषण मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. माझे नाव पुकारल्यावर निम्मी अमेरिका ‘पुन्हा हीच?’ म्हणून कण्हत असल्याचे मला ऐकू आले, अशी कोपरखळी तिने सुरुवातीलाच स्वतःला मारली. ही हुशारी झाली. टीका व्हायच्या आत स्वतःच करून टाकायची ही जुनी युक्ती आहे. पण नंतर तिने रॉय हेलंड यांचे नाव घेतले. न्यूयॉर्कमधल्या तिच्या पहिल्या नाटकाच्या वेळी, म्हणजे 37 वर्षांपूर्वी, हे केश आणि रंगभूषाकार तिला भेटले होते आणि तेव्हापासून तिच्या चेहऱ्यावर काम करत आले होते. त्याच रात्री त्याच चित्रपटाच्या रंगभूषेसाठी त्यांनाही ऑस्कर मिळाले होते. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे म्हातारपण पडद्यावर दिसते त्यात अभिनय किती आणि रंगभूषा किती, हा प्रश्न त्यामुळे आपोआप प्रेक्षकांसमोर येतो. नाव, काम आणि काळ सांगून केलेली ही वाटणी स्ट्रीपच्या श्रेयातून प्रत्यक्ष काहीतरी वजा करते, आणि ती तपासताही येते. ती बोलताना तिच्या मनात काय होते, याच्याशी मला कर्तव्य नाही.

1998 च्या गोल्डन ग्लोब सोहळ्यात अभिनेता व्हिंग रेम्स याने मिळालेला पुरस्कार हातात घेतला, त्याच गटात हरलेल्या ज्येष्ठ नट जॅक लेमनला व्यासपीठावर बोलावले आणि कलावंत म्हणजे देणारा, असे म्हणत पुतळा त्याच्या हाती ठेवला. बहात्तरी ओलांडलेला लेमन गोंधळून गेला, तो परत करू पाहत होता, आणि सभागृह उभे राहिले होते. हाही देखावाच होता, कोट्यवधी लोकांच्या साक्षीने केलेला, आणि रेम्सला त्यातून कीर्ती मिळाली. पण 2017 मध्ये गायिका अडेलने हा पुरस्कार मी स्वीकारूच शकत नाही, तो प्रतिस्पर्धी गायिका बियॉन्सेचा आहे, असे रडवेल्या आवाजात सांगूनही वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी आपल्याकडेच ठेवला होता, आणि बियॉन्सेला तो मिळायला 2025 उजाडले. रेम्सचा पुतळा लेमनच्या घरी गेला. आयोजकांनी नंतर रेम्ससाठी दुसरा पुतळा बनवून दिला, पण लेमनला हाक मारली तेव्हा तसे काही होईल हे रेम्सला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.