सव्वातीन लाखाची गाडी आणि पप्पांची सीडी हंड्रेड

परवा परत टेम्पोत गाडी घालून आणली. दहा महिन्यात तिसऱ्यांदा. टेम्पोवाला आता एवढा ओळखीचा झालाय की फोन उचलला की हॅलो नाही काही नाही, डायरेक्ट "आज कुठं बंद पडलिया?"

कंपनीचं नाव सांगत बसत नाही. चारशे सीसीच्या आसपासची बाईक, ऑन रोड सव्वातीन लाख, गेल्या दसऱ्याला घेतली आणि दुसऱ्या दिवशी जोतिबाला नेऊन आणली, तिथला गुलाल अजून टाकीच्या फटीत अडकलाय. चालते तेव्हा गाडी एक नंबर, खोटं कशाला बोला. चालते तेव्हा.

तर मागच्या वेळी झालं असं, एका रविवारी पावसात कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालो होतो, कळे सोडलं आणि असळजच्या अलीकडं आधी हेडलाइट मंद झाली, मग मीटरवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमचा, दिवा लागला, मग मीटरच लुकलुकायला लागला आणि दोनतीनशे मीटरवर गाडी गप्प. बटण दाबलं की नुसतं टकटकटक. किक नाहीच हिला. उतारावर ढकलून सेकंड गिअरला टाकून बघितली, तरी नाही, आणि तेव्हा लक्षात आलं की किल्ली फिरवल्यावर टाकीतनं जो बारीक झुंईं आवाज येतो तो आज आलाच नाही. तो टाकीतल्या पंपाचा आवाज. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पंपानं पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत बॅटरी पूर्ण बसली की पंप फिरत नाही, पंप नाही तर पेट्रोल नाही, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पण झोपलेला, मग तुम्ही घाट उतरेपर्यंत ढकला, काय उपयोग नाही. टाकीत बारा लिटर पेट्रोल आणि मी झाडाखाली.

शेजारच्या गावात एक मिस्त्री होता, भला माणूस, पावसात चालत आला. सीट काढली, वायरिंगचा तो गठ्ठा बघितला आणि सीट परत लावली. "दादा, ह्याला लॅपटॉप लागतोय. आमच्याकडं पाना हाय."

नंतर सर्व्हिस सेंटरला कळलं की रेग्युलेटर गेलेला, म्हणजे चार्जिंग बंद, आणि गाडी सगळा वेळ बॅटरी खात चाललेली. तळहाताएवढा अॅल्युमिनियमचा डबा. तो यायला बावीस दिवस. पार्ट वॉरंटीत फुकट, टेम्पोचे अठराशे मात्र आपले.

त्याआधीचं तर आणखी भारी. साइड स्टँडचा सेन्सर. स्टँड वर असताना पण गाडीला वाटायचं खाली आहे, गिअर टाकला की बंद. रंकाळ्याला भर ट्रॅफिकमध्ये मी खाली वाकून पायानं स्टँड हाणतोय आणि मागनं केएमटीची बस हॉर्न देतेय. उद्यमनगरातला आमचा मिस्त्री म्हणाला दोन वायरी जोडून देतो पाच मिनिटात, सेंटरवाले म्हणाले हात लावलात तर वॉरंटी गेली. करा काय ते.

आता घरातली दुसरी. पप्पांची 1992 ची हिरो होंडा सीडी हंड्रेड. सत्त्याण्णव सीसी, रोज बिद्रीला ये-जा करून रिटायर झाले त्या गाडीवर. 2019 च्या पुरात शाहूपुरीत आमच्या पार्किंगमध्ये चार दिवस सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर मिस्त्रीनं ऑइल काढलं तर अक्षरशः दुधाचा चहा, दोनदा हलकं ऑइल टाकून धुतलं, कार्बोरेटर खोलून फुंकला, मॅग्नेटो (इंजिन फिरलं की करंट तयार करणारा भाग) वाळवला, प्लग नवा, आणि सातव्या-आठव्या किकला धूर काढत चालू. हिला स्पार्कसाठी बॅटरी लागतच नाही, मॅग्नेटोतली कॉइलच सीडीआयला, म्हणजे स्पार्क देणाऱ्या डबीला, करंट देते, बॅटरी काढून ठेवली तरी हॉर्न, इंडिकेटर असलंच काय ते बंद. आणि एखादा पार्ट नाहीच मिळाला तर हे कोल्हापूर आहे, उद्यमनगरात लेथवर बुश टर्न करून संध्याकाळी हातात.

म्हणून जुनं तेवढं चांगलं असलं काय माझं म्हणणं नाही हं. त्या सीडी हंड्रेडच्या ड्रम ब्रेकवर दाजीपूरचा घाट उतरताना देव आठवतो, आणि नव्या गाडीच्या एबीएसनं मला कागलजवळ कुत्रं आडवं आल्यावर वाचवलंय. इंजेक्शनला पण शिव्या देऊन उपयोग नाही, 1 एप्रिल 2020 ला बीएस सिक्स हा धुराचा नवा नियम आला तेव्हाच कार्बोरेटरचा विषय जवळजवळ संपला. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. जुनी बंद पडायच्या आधी आठवडाभर कुरकुरते, पिकअप सोडते, प्लग काळा करते, म्हणजे आपल्याला काहीतरी कळतं तरी. नवीला एवढे सेन्सर, एवढा मोठा रंगीत स्क्रीन, आणि चार्जिंग होत नाही हे सांगायला एक साधा दिवा दिला नाही? मी आता सीटखाली दोनशे रुपयाचा व्होल्टमीटर बसवून घेतलाय. सव्वातीन लाखाच्या गाडीला.

आणि परवा परत टेम्पो. ह्यावेळी म्हणे सॉफ्टवेअर.

सध्या ऑफिसला सीडी हंड्रेडच. सकाळी चोक ओढून किक मारत होतो तर पप्पा गॅलरीतनं पेपर खाली करून बघत होते.

"हप्ता पाच तारखेलाच जातोय न्हवं?"

जातोय म्हटलं.