फायबरच्या बोटीत लाकूड कुठून आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मालवणजवळ देवबागला मी पर्यटकांना बोटीतून फिरवतो. बोट किनाऱ्याला लावली, माणसं चढली, की मागे इंजिनाजवळ बसलेल्या कुणाला तरी बोटीच्या मागच्या भिंतीच्या रंगातला फरक दिसतो. "इथे काय केलंय?" मी म्हणतो, आतलं लाकूड कुजलं होतं, बदललं. मग पुढचे प्रश्न ठरलेले. फायबरच्या बोटीत लाकूड कुठून आलं? समुद्रात राहून कुजणारच ना ते? आणि कुजलंच होतं, तर नवी बोट का नाही घेतली? कर्ली नदीच्या मुखापर्यंतच्या फेरीत याचं नीट उत्तर देता येत नाही. अलीकडे तर पर्यटकांपेक्षा बोटवालेच जास्त विचारतात, कारण या पट्ट्यातल्या बऱ्याच बोटी आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्यात. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि ते मुरवून घट्ट करणारं रेझिन. पाण्याला आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना ते दाद देत नाही, पण पातळ असलं की लवतं. सहा-सात मिलिमीटरचा नुसता तळ लाटेवर आपटला तर पत्र्यासारखा आत-बाहेर होईल. तो ताठ राहावा म्हणून तळाला नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत लांब दांडे बसवतात, वरून फायबर चढवतात. त्यांना आम्ही स्ट्रिंगर म्हणतो. जुन्या लाकडी होडीत पठाण (तळाचा मुख्य कणा) आणि बरगड्या जे काम करायच्या, ते इथे स्ट्रिंगर करतात. मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. तिच्या बाहेर फायबर, आत फायबर आणि मध्ये जाड प्लायवूड. इंजिन तिच्यावरच टांगलेलं असतं. इंजिन बोट ढकलतं असं आपण म्हणतो, पण ते ढकलतं ट्रान्समला, आणि ट्रान्सम तो जोर स्ट्रिंगरना देतो. वरून न दिसणारे हेच भाग सगळा भार घेत असतात.

आता कुजण्याचं. माझी स्वतःची समजूत कित्येक वर्षं चुकीची होती, म्हणून हे जरा थांबून सांगतो. मला वाटायचं खारं पाणी लाकूड खातं. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला मीठ सोसत नाही. आपण कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून वर्षभर टिकवतो, त्यातलाच हा प्रकार. पूर्वी काही देशांत लाकडी जहाजं बांधताना बरगड्यांच्या मधल्या पोकळीत मुद्दाम खडेमीठ भरत, ते याचसाठी. बुरशीला लागतं गोडं पाणी, थोडी हवा आणि ऊब. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. म्हणजे आमची बोट आठ महिने समुद्रात असते तेव्हा फारशी कुजत नाही. ती कुजते पावसाळ्यात, माडाखाली ओढून ठेवलेली असते तेव्हा. मेअखेरीला आम्ही बोटी वर घेतो, मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, पर्यटनाच्या बोटी त्याहून उशिरा उतरतात. त्या महिन्यांत कोकणचा पाऊस बोटीत साचतो, फळीखाली उतरतो आणि भोक शोधतो.

भोकं आपणच पाडलेली असतात. इंजिनाचे चार बोल्ट, साचलेलं पाणी सोडायच्या बुचाचं भोक आणि पर्यटकांना पाण्यातून वर यायला लावलेली स्टीलची शिडी. माझ्या बोटीत ती शिडीच नडली. आधीच्या मालकाने चार स्क्रू थेट प्लायवूडमध्ये पिळून बसवले होते, भोकाला ना सीलंट ना रेझिन. बोट मी विकत घेतली तेव्हा ट्रान्समच्या कोपऱ्यातली बारीक चीर पुट्टी आणि रंगाखाली बुजवलेली होती. मला ते तेव्हा कळलं नाही.

कळलं ते मार्चमध्ये. त्याआधी दोन हंगाम बोट जड झाल्यासारखी वाटत होती. आठ माणसं घेऊन ती पूर्वी चटकन पाण्यावर चढायची, आता नाळ वर करून रडत जायची आणि पेट्रोल प्यायची. मी इंजिन उघडलं, पंखा बदलला, काही फरक नाही. मग एक दिवस ओहोटीला बोट वाळूवर टेकली असताना इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवला, आणि ट्रान्सम हलला. एक सूतभर असेल. पण जी गोष्ट हलायलाच नको ती हलली की पोटात कालवतं.

आमच्या मेस्त्रींना बोलावलं. वय सत्तरीचं, आयुष्यभर आईन आणि फणसाच्या होड्या बांधलेला माणूस. त्यांनी छोटी हातोडी घेतली आणि नाळेकडून ठोकत ठोकत मागे आले. टण, टण, टण. ट्रान्समच्या मध्याशी आले आणि आवाज बसला. बद्द. "आवाज आयक," म्हणाले, आणि पुन्हा त्याच जागी ठोकलं. मग मी चार मिलिमीटरचा ड्रिल लावून आतल्या बाजूने सात-आठ भोकं पाडली. वरच्या कडेला फिकट, कोरडा, कुरळा भुसा आला. शिडीच्या खाली आला तो काळपट, ओला, चहाच्या चोथ्यासारखा. बोटांनी दाबला तर पाणी सुटलं. पावसाळ्यात परसातल्या फाट्यांचा भारा उचलल्यावर खालून येतो, तसा वास. मेस्त्री म्हणाले, "ह्यां लाकूड मेलां. सगळां काढूक व्हयां."

'सगळं' हा शब्द मला तेव्हा जड गेला. पातळ रेझिन भोकांतून सोडून लाकूड घट्ट करता येतं, असं सांगणारे बरेच भेटतात. बुरशीने एकदा लाकडाचे तंतू खाल्ले की ते वाळवून परत येत नाहीत, आणि ओल्या चोथ्यात रेझिन आतवर जातच नाही. वरून कवच टणक होतं, आत पाणी अडकतं. कोरडं, फिकट, आवाज देणारं लाकूड लागेपर्यंत कापायचं आणि तिथूनही वीतभर पुढे जायचं, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

आता वेळ कधी काढायची? हंगाम संपल्यावर करू म्हणावं तर पाऊस. ओल्या हवेत रेझिन नीट धरत नाही, एपॉक्सी जातीच्या रेझिनवर चिकट मेणासारखा थर येतो आणि नवं प्लायवूड बसवायच्या आधीच ओल धरतं. म्हणजे कोरड्या दिवसांत करायचं, आणि कोरडे दिवस म्हणजेच कमाईचे दिवस. मी १० एप्रिलला फेऱ्या बंद केल्या. मे महिन्याची गर्दी डोळ्यासमोरून गेली. घरात त्यावर दोन दिवस बोलणं झालं, आणि शेवटी बायकोच म्हणाली की माणसं घेऊन बोट मधेच फुटली तर काय करणार आहात. तिथे विषय संपला.

बोट बागेत ओढली, वर झावळ्यांचा मांडव घातला आणि तळाला पाच ठिकाणी लाकडी टेकू दिले. याची घाई करू नका. आतले दांडे काढले की तळ सैल पडतो आणि जसा टेकलेला असेल त्याच आकारात नवं फायबर घट्ट होतं. टेकू वाकडे तर बोट कायमची वाकडी, मग ती पाण्यात एका बाजूला ओढत राहते. म्हणूनच आम्ही चारही स्ट्रिंगर एकदम काढले नाहीत. दोरी ताणून उंची मोजून ठेवली, एक काढला, नवा बसवला, मग दुसरा.

फळी उचलली तेव्हा खाली फोम होता, बोट भरली तरी तरंगावी म्हणून कंपनीत भरलेला. थर्माकोलसारखा हलका असायला हवा. पहिला तुकडा मला दोन्ही हातांनी उचलावा लागला. वर्षानुवर्षं पाणी पिऊन दगड झालेला. दोन हंगाम मी त्याचा भार वाहत होतो आणि दोष इंजिनाला देत होतो.

ट्रान्समचं काम आतून केलं. आतला फायबरचा पापुद्रा कडेने दोन इंच सोडून कापला, पटाशीने लाकूड खरवडून काढलं आणि बाहेरची कातडी तशीच राखली. ती आता एकटी, म्हणून वाकू नये यासाठी बाहेरून आडव्या पट्ट्या बांधल्या. मग घासणं. त्या दिवसांबद्दल एवढंच सांगतो की काचेची धूळ कातडीत शिरते आणि छातीतही. बाह्यांचा शर्ट, चष्मा आणि रुमालाऐवजी खरा फिल्टरचा मास्क हवा. अंघोळ आधी गार पाण्याने. हा मेस्त्रींचा सल्ला मला लागू पडला.

लाकडावरून मेस्त्रींशी माझा एकच वाद झाला. त्यांचं म्हणणं, सागच घाल, सागाला मरण नाही. पण सागात तेल असतं आणि त्या तेलामुळे रेझिन त्याला नीट चिकटत नाही. होडीला साग उत्तम, फायबरच्या पोटात नाही. आम्ही आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लायवूड आणलं, १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवल्या. पुठ्ठ्याचा साचा कापून आधी कोरडंच बसवून बघितलं, तीनदा. मग एपॉक्सीत सिलिका पावडर घालून श्रीखंडाएवढं घट्ट केलं, ते भिंतीला आणि फळीला दोन्हीकडे लावलं आणि बोल्ट व शिकंजे आवळले. फार आवळलं तर सगळं चिकटण बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. कडेने एकसारखी रेघ बाहेर आली की थांबायचं.

स्ट्रिंगरचं तत्त्व थोडं वेगळं. तिथे खरी ताकद वरून चढवलेल्या फायबरच्या टोपीची, लाकूड तिला आकार देतं. दांडा तळावर थेट टेकवायचा नाही. खाली पुट्टीची गादी द्यायची, नाहीतर लाकडाची धार तळाला एकाच रेषेत दुखवते आणि तिथे चीर जाते. दोन्ही कोपऱ्यांत पुट्टी बोटाने गोल फिरवायची, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते. पाणी मागे वाहायला ठेवलेल्या भोकांना आतून रेझिनचे तीन हात दिले.

एक चूक झाली ती सांगतो. कापड संपलं म्हणून घरात पडलेली तुटक काचधाग्यांची साधी मॅट एपॉक्सीवर घातली. ती शेवटपर्यंत पांढरी आणि ताठ राहिली. त्या मॅटचे धागे धरून ठेवणारा डिंक पॉलिस्टर जातीच्या रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवातच विरघळतो, एपॉक्सीत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं घासून काढलं. जुन्या पॉलिस्टरवर एपॉक्सी छान धरतं, एपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही, म्हणून एकदा एपॉक्सी धरलं की शेवटपर्यंत तेच आणि वर रंग. आपल्याकडे बहुतेक जण पॉलिस्टरच वापरतात, स्वस्त पडतं म्हणून. त्यांच्यासाठी एक गोष्ट हात जोडून: रेझिन घट्ट व्हावं म्हणून घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर जागेवर पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुवायचं आणि तडक दवाखाना. उन्हात मोठा मग भरून कालवूही नका. एका दुपारी माझा अर्ध्या लिटरचा मग हातातच तापला आणि धुरायला लागला. तेव्हापासून थोडं थोडं, छोट्या वाट्यांत.

प्रत्येक बोल्टसाठी आता भोक मोठं पाडलं, एपॉक्सीने भरलं आणि सुकल्यावर त्याच्या मध्यातून बोल्टाचं भोक पाडलं. म्हणजे सीलंट उद्या सुटलं तरी पाणी लाकडाला शिवणार नाही. शिडी परत बसवली ती अशीच. २३ मेला हातोडी घेऊन मेस्त्री पुन्हा नाळेकडून मागे आले. काही बोलले नाहीत, शिडीच्या जागी दोनदा ठोकलं आणि चहा मागितला.

नवी का नाही घेतली? कारण बाहेरचं कवच अजून धडधाकट होतं, हाताने जाड थर देऊन बनवलेलं, कुठे फोड नाही, तळ सरळ. असं कवच टाकून द्यायला माझं मन घेईना, आणि माझा खर्च नव्या बोटीच्या जवळपासही गेला नाही. तळच फाटलेला किंवा वाकलेला असता तर मी या भानगडीत पडलो नसतो, तुम्हीही पडू नका.

आता मेअखेरीला बोट वर घेतली की नाळेखाली माडाचे दोन ओंडके देऊन ती दोन फूट उंच ठेवतो. ताडपत्री कडेने मोकळी सोडतो, हवा खेळायला हवी. बूच काढतो आणि बोटीत न ठेवता घरी आणून देवघराजवळच्या खुंटीला टांगतो. मोठी सर आली की छत्री घेऊन मागे जाऊन बघतो. पाणी त्या भोकातून बोटाएवढ्या धारेने वाळूत पडत असतं. नारळी पौर्णिमा झाली की घरात कुणी ना कुणी त्या खुंटीकडे बघून विचारतं, "बूच कधी लावणार?"